दूरच्या विमानप्रवासातील अन्नकाल : उपयोगसंस्थेच्या दृष्टीने एक विचार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील पहिल्याच अध्यायात प्रकृति, करण, संयोग, राशि, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता अशी आठ आहारविधिविशेषायतने सांगितली आहेत. (येथील 'विमान' म्हणजे विशेष मान, आकाशातील विमानाशी त्याचा काही संबंध नाही, हे नव्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगावे लागते.) या आठांपैकी प्रकृति, करण, संयोग आणि राशि यांचा विचार आपण दवाखान्यात नित्य करतो. देश आणि काल मात्र बहुधा गृहीत धरतो. रुग्ण आपल्याच तालुक्यातला, सूर्य त्याच्याही गावी सहालाच उगवणारा. तेव्हा 'सकाळ-संध्याकाळ जेवणापूर्वी' एवढे लिहिले की आपले काम झाले, अशी आमचीही समजूत होती. ती समजूत कशी मोडली आणि त्यानंतर आम्ही काय विचार केला, हे व्यवसायबंधूंपुढे ठेवण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहोत.

आमचा दवाखाना अजिंठा गावी आहे. गाव घाटमाथ्यावर, लेणी घाटाखाली फर्दापूरच्या बाजूला. येथे दोन प्रकारचे दूरप्रवासी आमच्या दृष्टीस पडतात. एक, लेणी पाहण्यास परदेशाहून येणारे. दुसरे, सिल्लोड-सोयगाव परिसरातील आईवडील, ज्यांची मुले संगणक अभियंता होऊन अमेरिकेत स्थिरावली आहेत आणि जे सुनेच्या किंवा मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने तिकडे जातात. वीस वर्षांपूर्वी असे रुग्ण वर्षाकाठी एखादा असे. आता प्रवासाच्या आधी 'काही औषध बांधून द्या' म्हणून येणारे दर मोसमात असतात.

अशाच एका भगिनीची हकिकत प्रथम सांगतो. वय एकसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, शहरातील तज्ज्ञ डॉक्टरांनी दिवसातून दोन वेळा मिश्र इन्सुलिन दिलेले, सोबत आमची चंद्रप्रभा वटी व पोटाच्या तक्रारीसाठी हिंग्वाष्टक चूर्ण. जाण्याच्या आदल्या आठवड्यात त्या आल्या, तेव्हा सर्व औषधांची एकत्र यादी आम्ही स्वतःच्या हाताने लिहून दिली आणि प्रत्येकापुढे 'जेवणापूर्वी' असा शब्द घातला. त्या सकाळी दहाला घरी जेवून निघाल्या. छत्रपती संभाजीनगर शंभर किलोमीटर, तेथून मुंबई साडेतीनशेच्या आसपास. वाटेत चहा-बिस्किट झाले. विमानतळावरचे अन्न महाग आणि अनोळखी, शिवाय 'विमानात जेवण मिळतेच', म्हणून रात्री तेथे काही खाल्ले नाही. जेवण नाही म्हणून रात्रीचे इन्सुलिनही घेतले नाही. विमान रात्री दीडला सुटले. पावणेतीनच्या सुमारास पुढच्या रांगांपाशी जेवणाची ढकलगाडी दिसताच त्यांनी पांघरुणाआड इंजेक्शन घेतले. इतक्यात विमान हिंदकळू लागले, पट्टे बांधण्याची सूचना झाली, गाड्या मागे नेल्या गेल्या. ताट पुढ्यात आले तेव्हा सुमारे तासभर उलटून गेला होता. मधल्या काळात त्यांना दरदरून घाम सुटला, हात कापू लागले, बोलणे असंबद्ध झाले. शेजारच्या तरुण प्रवाशाच्या लक्षात आले, कर्मचाऱ्यांनी संत्र्याचा गोड रस पाजला आणि प्रसंग निभावला.

सहा महिन्यांनी परत आल्यावर त्या हसत म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही जेवणाआधी म्हणाला होता, मला गाडी दिसली अन् मी टोचून घेतलं." आम्हाला हसता आले नाही. विमान कंपनीचा यात काहीही दोष नव्हता; हवा खराब असता कोणीही उकळते पाणी घेऊन फिरणार नाही. दोष आमच्या चिठ्ठीतील त्या एका शब्दाचा होता.

अन्नकाल विमानात कसा ठरतो

हे समजून घेतल्याशिवाय रुग्णास सल्ला देणे व्यर्थ आहे. विमान अपेक्षित उंचीवर स्थिर झाले की पहिले जेवण सुरू होते, म्हणजे उड्डाणानंतर साधारण एक ते दीड तासाने. शेवटचे खाणे उतरण्याच्या सुमारे दोन तास आधी, कारण खाली येण्यास प्रारंभ होण्यापूर्वी सर्व ताटे गोळा करून गाड्या बंद कराव्या लागतात. मधल्या काळात दिवे मंद केले जातात, कर्मचारी पाळीपाळीने विश्रांती घेतात, आणि मागेल त्यास बिस्किटे, सँडविच, फळ असे किरकोळ मिळते. अन्न विमानात शिजत नाही. ते विमानतळाजवळच्या मोठ्या पाकगृहात काही तास आधी शिजवून, यंत्राने झपाट्याने थंड करून, बंद गाड्यांत भरून आणले जाते आणि वर भट्टीत पुन्हा तापवले जाते. 'करण' या आयतनाचा विचार करणाऱ्याने येथे थांबून थोडे मनन करावे. पर्युषित आणि पुनरुष्ण अन्नाविषयी आपले ग्रंथ काय म्हणतात हे वाचकांस ठाऊक आहे.

तात्पर्य, हा अन्नकाल उड्डाण आणि अवतरण या दोन क्षणांना बांधलेला असतो. त्याचा संबंध प्रवाशाच्या क्षुधेशी नाही, तो ज्या गावाहून निघाला तेथील सूर्याशी नाही आणि ज्या गावी जाणार तेथील सूर्याशीही पुरता नाही.

वरील भगिनींचाच प्रवास घेऊ. मुंबईहून न्यूयॉर्ककडे थेट जाणारे विमान साधारण सोळा तास घेते. हिवाळ्यात न्यूयॉर्कचे घड्याळ आपल्या मागे साडेदहा तास असते, उन्हाळ्यात साडेनऊ. जानेवारीत आपल्या रात्री दीडला सुटलेले विमान आपल्या सायंकाळी साडेपाचला, म्हणजे तेथील सकाळी सातला उतरते. पहिले जेवण आपल्या पहाटे तीनला. त्याला 'रात्रीचे जेवण' म्हटले जाते. दुसरे आपल्या दुपारी तीन-साडेतीनला, त्याला 'न्याहारी' म्हटले जाते. गंमत अशी की हिवाळ्यात पश्चिमेकडे जाताना विमान रात्रीबरोबरच धावते; आदल्या सायंकाळी सहाला मावळलेला सूर्य प्रवाशाला पुन्हा दिसतो तो जवळजवळ चोवीस तासांनी, न्यूयॉर्कच्या धावपट्टीवर. दोन्ही जेवणे एकाच अखंड रात्रीत घडतात.

येथे ग्रहणीचिकित्सिताध्यायातील एक विचार आठवतो. सकाळचे अन्न पचले नसताना सायंकाळी जेवले तर तितकासा दोष होत नाही, परंतु रात्रीचे अन्न पचले नसताना सकाळी जेवले तर ते हानिकारक ठरते, असे चरकाचार्य सांगतात आणि त्याचे कारणही देतात. दिवसा सूर्यामुळे हृदय कमळाप्रमाणे उमललेले असते, स्रोतसे उघडी असतात, व्यायाम-हालचाल चालू असते, म्हणून धातू क्लिन्न होत नाहीत. रात्री हे सारे मिटते. आता वरील प्रवाशाचा विचार करा. सूर्य नाही, हालचाल नाही, चौदा-पंधरा तास एका खुर्चीत बैठक, आणि पहाटे तीनला घेतलेले पूर्ण ताट. त्यानंतरची 'न्याहारी' ही याच सूत्रानुसार सर्वांत जपून घेण्याची गोष्ट ठरते. व्यवहारात मात्र उलट घडते. झोप मोडलेली, कंटाळा आलेला, आणि उतरल्यावर कधी खायला मिळेल याची शाश्वती नाही. म्हणून भूक नसताही ताट रिकामे केले जाते.

काही मित्र असे म्हणतात की दिवसाप्रमाणे रात्रीचाही मध्य पित्ताचा असतो, तेव्हा मध्यरात्रीचे अन्न पचण्यास हरकत काय? हा युक्तिवाद आम्हाला मान्य नाही. दोषांचा तो क्रम वय, अहोरात्र आणि अन्नपचन या तिन्हींस लावलेला आहे; मध्यरात्रीचे पित्त हे आधी घेतलेल्या अन्नाच्या पचनाला लागते, नवे अन्न टाकण्याचे ते निमंत्रण नव्हे. तसे असते तर आचार्यांनी रात्री लघुभोजनाचा आग्रह धरला नसता.

समशन, अध्यशन, विषमाशन

हे तिन्ही एकाच प्रवासात कसे घडतात ते पाहण्याजोगे आहे. विमानतळावरील विश्रामकक्षात कार्ड दाखवून मध्यरात्री बाराला जेवलेला तरुण तीनला पुन्हा जेवतो, हे निखळ अध्यशन. ताटात गरम भात-भाजी, थंडगार दही, लोणी-पाव, काकडीचे काप आणि गोड पदार्थ एकाच वेळी येतो, हे समशन. त्यातही रात्री दही वर्ज्य सांगितले असता पहाटे तीनला दह्याची वाटी समोर येते आणि आपला मराठी माणूस ती अगदी आवडीने संपवतो. अकाली, कधी अधिक तर कधी अत्यल्प, हे विषमाशन. आमच्या त्या भगिनींचे सकाळी दहा ते पहाटे चार हे अठरा तास जवळजवळ निरन्न गेले होते, हेही विषमाशनच. आणि इन्सुलिनवरील रुग्णाच्या बाबतीत ते अध्यशनाहून अधिक धोक्याचे.

यात विमानाच्या आतील हवेची भर पडते. आतील दाब समुद्रसपाटीसारखा नसतो. तो जास्तीत जास्त आठ हजार फूट उंचीवरील दाबाएवढा विरळ होऊ दिला जातो, काही नव्या विमानांत सहा हजार फुटांएवढा राखतात. आठ हजार फुटांच्या दाबाला आतड्यांतील वायू सुमारे एक तृतीयांशाने फुगतो. आध्मान, आटोप, ऊर्ध्ववात यांची तक्रार करणाऱ्या प्रवाशास 'मनाचे खेळ' म्हणून वाटेला लावू नये; वायूचा भौतिक विस्तार प्रत्यक्ष होतच असतो. आतील आर्द्रता दहा-वीस टक्क्यांच्या घरात असते. रूक्ष, शीत, चल या गुणांचे याहून उत्तम उदाहरण शोधून सापडणार नाही. त्यात खिडकीजवळची जागा मिळालेला भिडस्त प्रवासी शेजाऱ्यास उठवायचे नाही म्हणून मूत्रवेग धारण करतो आणि पाणी पिणे टाळतो. अशा वातप्रधान परिस्थितीत पोटाचा अर्धा भाग घन अन्नाने, चतुर्थांश द्रवाने भरावा आणि उरलेला चतुर्थांश वायूसाठी मोकळा ठेवावा, हे वाग्भटांचे मान आम्ही आणखी आखडते घेण्यास सांगतो, कारण वायूने आपला वाटा वाढवून घेतलेला असतो.

चवीची गोष्टही लक्षात ठेवावी. विमानातील विरळ आणि कोरड्या हवेत खारट आणि गोड चव मंद जाणवते, असे जर्मनीतील फ्राउनहोफर संस्थेच्या चाचण्यांत आढळले. त्यामुळे असे अन्न मीठ-मसाल्याने तीव्र करण्याकडे कल असतो. रक्तदाबाच्या रुग्णास याची कल्पना द्यावी.

आधुनिक संशोधनाचा धागा

शरीरात एकच घड्याळ नसून अनेक आहेत, हे आता सर्वमान्य आहे. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशावर चालते; यकृत, आतडी, मेदधातू यांची घड्याळे बऱ्याच अंशी अन्नकालावर. २००० साली जिनिव्हा येथील संशोधकांनी उंदरांवर दाखवले की निशाचर असलेल्या या प्राण्यांना फक्त दिवसाच अन्न दिले तर यकृताचे घड्याळ उलटते, पण मेंदूचे तसेच राहते. मनुष्यावर २०१७ साली इंग्लंडमध्ये झालेल्या एका अभ्यासात दहा निरोगी पुरुषांची तिन्ही जेवणे पाच तासांनी पुढे ढकलली असता त्यांच्या रक्तशर्करेची दैनंदिन लय साडेपाच तासांहून थोडी अधिक सरकली. मेलाटोनिन मात्र जागचे हलले नाही. म्हणजे एकाच देहात दोन वेगळे प्रहर चालू राहिले. त्याच वर्षी साठ विमान कर्मचाऱ्यांवर झालेल्या अभ्यासात, परतल्यानंतरच्या सुटीत जेवणे नियमित वेळी घेण्याचे ठरवून पाळणाऱ्यांना प्रवासशीण, ज्याला जेट लॅग म्हणतात, तो कमी जाणवल्याचे दिसले. दीर्घ उपवासाने घड्याळ झटकन जुळते, असेही एक मत २००८ पासून प्रचारात आहे. पण तेही उंदरांवरील कामावर आधारलेले असून त्याविषयी शास्त्रज्ञांतच वाद झाला. तेव्हा सोळा तास लंघन करा असे सरसकट सांगणे आम्हास जबाबदारीचे वाटत नाही, मधुमेह्यास तर मुळीच नाही.

चरकाचार्यांना यकृताचे घड्याळ ठाऊक होते असे ओढूनताणून सिद्ध करण्याचा आमचा हेतू नाही. त्यांनी अन्नकाल हा अग्नीचा प्रश्न मानला आणि आजचे संशोधन त्याला यकृत-आतड्यांच्या लयीचा प्रश्न मानते. दोघांचे बोट एकाच दुखऱ्या जागी आहे एवढेच म्हणतो.

नित्यग काल सुटला, आता काय धरावे?

विमानस्थानात काल दोन प्रकारचा सांगितला आहे, नित्यग आणि आवस्थिक. नित्यग काल ऋतुसात्म्याशी, आवस्थिक विकारावस्थेशी संबंधित. ही विभागणी अहोरात्राला लावणे हा आमचा विस्तार आहे, ग्रंथाचे शब्द नव्हेत, हे स्पष्ट करतो. परंतु विमानात नेमके हेच घडते की नित्यग काल पायाखालून सरकतो आणि शरीराची अवस्था तेवढी प्रवाशाबरोबर राहते. अशा वेळी आठ आयतनांतील सातवे, उपयोगसंस्था, कामास येते. तिचा अर्थ आहारसेवनाचा नियम, आणि हा नियम जीर्णाहाराच्या लक्षणांवर अवलंबून आहे असे तेथेच म्हटले आहे. शुद्ध उद्गार, उत्साह, वेगांचे योग्य विसर्जन, शरीराची लघुता, क्षुधा आणि तृष्णा, ही लक्षणे भारतीय वेळेने कळतात तशीच अटलांटिकवरही कळतात. घड्याळ विचारू नका, उद्गार विचारा, असे आम्ही रुग्णांस आता सांगतो. ग्रामीण रुग्णास हे चटकन समजते; 'आंबट ढेकर गेली का' हे त्याला विमानतळावरच्या वेळदर्शक फलकापेक्षा जवळचे वाटते.

हा नियम ज्यांना औषधांमुळे जेवण टाळण्याची किंवा लांबवण्याची मुभा आहे त्यांच्यासाठीच. इन्सुलिन घेणारे, तसेच ग्लिमेपिराइडसारख्या रक्तशर्करा एकदम उतरवू शकणाऱ्या गोळ्या घेणारे, यांना 'भूक नसेल तर जेवू नका' असे सांगून मोकळे होणे घातक आहे. त्यांच्यासाठी क्रम उलटा करावा लागतो. पश्चिमेस जाताना दिवस लांबतो, न्यूयॉर्कला जाणाऱ्याचा तो साडेचौतीस तासांचा होतो, आणि मात्रांमधील अंतर वाढते. पूर्वेस परतताना दिवस आखूड होतो आणि दोन मात्रा जवळ येऊन साखर घसरण्याचे भय असते. मात्रा किती वाढवावी वा घटवावी हे ठरवणे आपले काम नाही. ज्या डॉक्टरांनी इन्सुलिन दिले त्यांच्याकडून जाण्याच्या आणि येण्याच्या दोन्ही दिवसांचे वेळापत्रक लिहून आणावयास सांगावे आणि ते आल्याशिवाय आपली चिठ्ठी देऊ नये, असा आम्ही नियम केला आहे. आणि जेथे डॉक्टरांनी जेवणालगतची मात्रा दिली आहे तेथे एक वाक्य मोठ्या अक्षरात लिहितो : ताट पुढ्यात आल्यावर आणि झाकण उघडून पाहिल्यावरच इंजेक्शन. खिशात साखर किंवा ग्लुकोजची पुडी असावीच.

औषधकालाचा पुनर्विचार

सुश्रुतांनी उत्तरतंत्रात दहा औषधकाल सांगितले आहेत, आणि आपण ते परीक्षेसाठी पाठ करून नंतर 'दोन-दोन गोळ्या दोन वेळा' एवढ्यावर आणले. विमानप्रवास त्यांची आठवण करून देतो. प्राग्भक्त औषध विमानात अविश्वसनीय, कारण भक्त केव्हा येईल हे रुग्णाच्या हाती नाही. सग्रास आणि अधोभक्त मात्र सुरक्षित, कारण अन्न प्रत्यक्ष हाती आल्यावरच ते घडतात. हिंग्वाष्टक तर मुळात पहिल्या घासाला तुपाबरोबर घेण्याचेच चूर्ण आहे. आम्ही ते 'जेवणापूर्वी' लिहिले होते, ही आमची दुहेरी चूक. त्यात सैंधव असल्याने उच्च रक्तदाब असणाऱ्यास मात्रा बेताची द्यावी. जी औषधे निरन्न द्यावयाची आहेत ती प्रवासाच्या दिवशी बंद ठेवली तरी फारसे बिघडत नाही, असा आमचा अनुभव आहे.

औषधालय चालवणाऱ्या बंधूंसाठी थोडे सांगावेसे वाटते, कारण प्रवाशाची पिशवी शेवटी त्यांच्या दुकानी भरली जाते. हाती न्यावयाच्या सामानात १०० मिलिलिटरपेक्षा मोठी द्रवाची बाटली चालत नाही. वैद्यकीय द्रवांना सवलत मिळते ती चिठ्ठी असल्यास आणि तपासनिसाने मानल्यास. तेव्हा ४५० मिलिलिटरची दशमूलारिष्टाची बाटली हातपिशवीत देणे म्हणजे ती विमानतळाच्या कचरापेटीत देणे होय. अमेरिकेस जाणाऱ्या विमानांत २०१८ पासून ३५० मिलिलिटरहून अधिक आकारमानाच्या पुडीरूप पदार्थांची वेगळी तपासणी होते, मोठा चूर्णाचा डबाही अडू शकतो. पुडी लहान, मूळ छापील वेष्टनात, वर घटक द्रव्ये लिहिलेली असावी. कागदात बांधलेली निनावी काळी गोळी परदेशी तपासनिसास काय वाटेल याचा विचार करावा. रसौषधी तर बरोबर देऊच नयेत. २००४ साली बोस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदीय उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळल्याचे तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्यापासून हा विषय तिकडे फार नाजूक झाला आहे. इन्सुलिन मात्र सदैव हातच्या सामानातच. खाली ठेवलेल्या सामानात ते गोठण्याचा संभव असतो.

शिदोरी आणि ताट

निघण्याच्या दिवशी सायंकाळी सात ते आठच्या दरम्यान, म्हणजे रुग्णाच्या नेहमीच्या वेळी, बसून सावकाश जेवण करावे; विमानातील पहिले ताट हे जेवण मानूच नये. यासाठी घरची शिदोरी हवी. आपल्याकडे प्रवासासाठी दुधात भिजवून केलेल्या दशम्या पूर्वी देत असत. त्या दुसऱ्या दिवशीही मऊ राहतात आणि सोबत सुकी चटणी असली की पुरते. नव्या पिढीला दशमी द्यायला संकोच वाटतो, तो सोडावा. साळीच्या लाह्या, राजगिऱ्याचा लाडू (मधुमेही सोडून), खजूर हेही चालते. उरलेले अन्न विमानातच संपवावे किंवा टाकून द्यावे. परक्या देशात उतरताना खाद्यपदार्थ घोषित करावे लागतात.

पहाटे तीनचे ताट आले की त्यातील गरम भात-वरण किंवा भाजी चार-सहा घास घ्यावी, दही, थंड कोशिंबीर, गोड बाजूला ठेवावे, कोमट पाणी मागून घ्यावे. बहुतेक कंपन्या किमान चोवीस तास आधी कळवल्यास मधुमेही, शाकाहारी वा जैन असे विशेष जेवण देतात. ही सोय विनामूल्य असूनही आमच्या भागातील प्रवासी ती मागत नाहीत, कारण तिकीट मुलाने परदेशातून काढलेले असते आणि त्याला आईचे पथ्य ठाऊक नसते. विशेष ताटे बहुधा इतरांच्या आधी वाटली जातात, हा मधुमेह्यास आणखी एक लाभ. सूर्यास्तानंतर न जेवणाऱ्या जैन बांधवांनी मात्र कोणता सूर्यास्त धरावा, हे आपल्या साधुजनांस विचारून निघावे. आम्ही त्यात मत देत नाही.

याउलट परदेशाहून येणाऱ्यांचा प्रश्न आमच्या दारातच असतो. न्यूयॉर्कहून दोन दिवसांपूर्वी आलेला प्रवासी लेण्यांच्या पायऱ्या चढून उतरतो आणि दुपारी एकला भरगच्च थाळीवर बसतो, तेव्हा हिवाळ्यात त्याच्या घरी रात्रीचे अडीच वाजलेले असतात. जपानी प्रवाशाचा फरक साडेतीन तासांचाच, त्यामुळे त्याला हा त्रास फार कमी. पोट बिघडले की पाण्याला किंवा तिखटाला दोष दिला जातो आणि पुष्कळदा तो खराही असतो. परंतु ज्वर नाही, अतिसार नाही, केवळ गौरव, हृल्लास आणि छर्दि अशा रुग्णास आम्ही आता प्रथम हेच विचारतो की केव्हा उतरलात आणि तुमच्या घरी आत्ता किती वाजले. अशांना लाजामंड, सुंठीचे पाणी आणि एक वेळचे लंघन एवढ्यावर बहुधा बरे वाटते. मार्गदर्शक बंधूंना आम्ही विनंती केली आहे की पहिल्या दिवशी थाळीऐवजी वरणभात मागवावा.

लेण्यांचा उल्लेख झालाच आहे तर एक गोष्ट सांगण्याचा मोह होतो. वाघूर नदीच्या कड्यात कोरलेल्या या तीस लेण्यांतील बहुसंख्य विहार, म्हणजे भिक्षूंची निवासस्थाने. विनयाच्या नियमानुसार भिक्षूने मध्यान्हानंतर घन अन्न घेणे वर्ज्य. गाळलेला फळांचा रस चाले, आणि आजारी असल्यास तूप, लोणी, तेल, मध, फाणित ही पाच द्रव्ये औषध म्हणून सात दिवसांपर्यंत बाळगण्याची मुभा. अन्नकाल सूर्याला इतका घट्ट बांधणारी माणसे जेथे राहिली, तेथेच आज आपल्या पोटात परक्या देशाचा सूर्य घेऊन माणसे येतात.

उतरल्यानंतर पहिल्या दिवशी स्थानिक मध्यान्हाला लघु पण उष्ण जेवण, दिवसा झोप नाही, सायंकाळी फक्त मंड किंवा मुगाचे कढण, असा क्रम आम्ही देतो. रात्री दोनला कडकडून भूक लागली तर दूध किंवा लाह्या घ्याव्यात, भात खाऊ नये. ती भूक जुन्या गावाची असते आणि तीन-चार दिवसांत नव्या गावी येते.

वर सांगितलेल्या भगिनी गेल्या हिवाळ्यात पुन्हा गेल्या. या वेळी वेळापत्रक शहरातील डॉक्टरांनी लिहिले होते, रात्रीचे इन्सुलिन नेहमीच्या वेळी दशमी-चटणीबरोबर विमानतळावरच झाले, आणि पहाटेच्या ताटातील भात त्यांनी थोडा खाल्ला. हातावर दोन घड्याळे होती, एक अजिंठ्याचे. उतरल्यावर साखर मोजली ती समाधानकारक निघाली. पूर्वीप्रमाणे आध्मान झाले का, या प्रश्नावर त्यांचे उत्तर "थोडं झालं, पण दही खाल्लं होतं" असे आले.

आमच्या नोंदीत असे अवघे अकरा रुग्ण आहेत आणि त्यावरून सिद्धांत करता येत नाही. व्यवसायबंधूंनी आपल्या प्रवासी रुग्णांकडून उड्डाणाची वेळ, प्रत्येक अन्नकाल, घेतलेल्या औषधांच्या वेळा, पहिला शुद्ध उद्गार आणि पहिला मलवेग एवढ्या नोंदी घेऊन पाठवाव्यात. सर्व वेळा भारतीय घड्याळाने लिहाव्यात, अन्यथा दोन प्रवासांची तुलना करता येणार नाही.